उत्तरायणाचं अहमदाबाद: खाली पोळ, वर गच्ची

१४ जानेवारीला सकाळी दहाच्या सुमारास अहमदाबादच्या माणेकचौकात उभं राहिलं तर सगळं शहर गावाला गेलंय असं वाटतं. सराफ्याची दुकानं बंद, रिक्षा तुरळक, एखादी गाय निवांत चरत उभी. आवाज मात्र आहे, आणि तो वरून येतोय. भोंगे, थाळ्या, शिट्ट्या, स्पीकर आणि दर दोन मिनिटांनी कुठल्या तरी गच्चीवरून उठणारं ‘काइपो छे!’, म्हणजे ‘कापला!’ बाहेरून येणारी बरीच मंडळी इथेच फसतात. सण म्हणजे रस्त्यावरची गर्दी, अशी आपल्याला गणपतीमुळे सवय असते. म्हणून ती दिवसभर रस्त्यावर फिरतात, मान वर करून पतंग बघतात आणि संध्याकाळी ‘ठीक होतं’ म्हणत परततात. उत्तरायण गच्चीवर असतं. कोटाच्या आतलं जुनं शहर त्या दिवशी दोन थरांत पाहायचं: सकाळी लवकर आणि दुपारी खालून, उरलेला वेळ वरून. आणि वरच्या थराची सोय आधी करावी लागते.

तारखेचं आधी सांगतो. आपल्या पंचांगात संक्रांत काही वर्षी १५ जानेवारीला येते. अहमदाबादला त्याच्याशी देणंघेणं नाही. तिथे पतंग १४ला उडतात आणि १५ला, म्हणजे ‘वासी उत्तरायण’ला, पुन्हा उडतात. १४ला गुजरातेत सुट्टी, १५लाही शहर बहुतेक बंदच. तिकीट काढताना १३ला दुपारपर्यंत पोहोचेल अशी गाडी धरा, कारण १३ची संध्याकाळ चुकवण्यासारखी नाही. मुंबई-पुण्याकडून येणाऱ्या गाड्यांचं शेवटचं स्टेशन हल्ली नीट पाहून घ्यावं. काळुपूरच्या मुख्य स्टेशनाचं मोठं बांधकाम सुरू झाल्यापासून काही गाड्या साबरमती किंवा मणिनगरलाच थांबवल्या गेल्या आहेत. काळुपूरला उतरलात तर जुनं शहर समोरच आहे. नाहीतर मेट्रोने काळुपूर, घीकांटा किंवा शाहपूर गाठायचं. ही तीन स्टेशनं जमिनीखाली आहेत आणि जुन्या शहराच्या पोटात सोडतात. त्यातलं घीकांटा फिरायला सर्वांत सोयीचं.

कोट म्हणजे नेमका किती

अहमदशहाने १४११ मध्ये साबरमतीच्या काठी भद्रचा किल्ला बांधून शहर वसवलं. शहराभोवतीचा तट नंतरचा, महमूद बेगडाच्या काळातला, १४८७च्या आसपासचा. घेर साधारण १० किलोमीटर, १२ दरवाजे, १८९ बुरूज, असं वर्णन सगळीकडे सापडतं. तट शोधत फिरू नका. विसाव्या शतकात रस्त्यांसाठी तो बहुतेक पाडला गेला, नदीच्या बाजूला थोडा शिल्लक आहे. दरवाजे मात्र उभे आहेत आणि आता चौकांच्या मधोमध वाहतुकीची बेटं होऊन बसले आहेत. दिल्ली दरवाजा, दर्यापूर, काळुपूर, सारंगपूर, रायपूर, आस्टोडिया, जमालपूर. रिक्षावाल्याला पत्ता सांगायचा तो याच नावांनी. २०१७ साली युनेस्कोने जागतिक वारसा शहराचा मान दिला तो या कोटाच्या आतल्या भागाला. भारतातलं ते असं पहिलं शहर.

आत पोळी आहेत. पोळ म्हणजे एक दरवाजा असलेली बंदिस्त गल्ली आणि तिच्यात एकमेकांना भिंती चिकटलेली घरं. दरवाज्यावर पहारेकऱ्याची खोली, आत चौक, चौकात लाकडी किंवा दगडी चबुतरा. हा चबुतरा म्हणजे खांबावर बसवलेलं पाखरांचं दाणाघर. बऱ्याच घरांच्या चौकाखाली टांकं असतं, पावसाचं पाणी साठवायचं दगडी तळघर. घरं दर्शनी बाजूला अरुंद आणि आत खोलवर लांब. गच्चीवर चढलं की भिंती चिकटलेल्या असण्याचा खरा अर्थ कळतो, कारण वर अख्खी पोळ एकच मोठी पायऱ्यापायऱ्यांची गच्ची असल्यासारखी दिसते. पतंगाचा सण इथे एवढा का रुजला, याचं अर्धं उत्तर या बांधणीत आहे.

१३ची संध्याकाळ: दोरा आणि पतंग

पतंगांचा मोठा बाजार रायपूर दरवाज्याजवळ, दिल्ली दरवाज्याजवळ, काळुपूरच्या टंकशाळेत आणि जमालपुरात भरतो. १३ला रात्रभर चालू. संध्याकाळी सातनंतर रायपूरला इतकी दाटी होते की पुढे सरकायलाही वेळ लागतो. चार ते सहाच्या दरम्यान खरेदी उरकावी आणि रात्री नुसतं बघायला यावं. पाकीट पुढच्या खिशात.

पतंग सुटे कमी विकतात. पाचाचा ‘पंजो’ आणि वीसची ‘कोडी’. दिवसभर उडवणाऱ्या एका माणसाला दोन कोड्या लागतात. नवशिक्याला जास्त, कारण त्याचे पतंग कटण्याआधी फाटतात. कोडी घेताना गठ्ठा उलगडून दोन-तीन पतंग मधूनच काढा आणि दिव्याच्या उजेडात धरा. बारीक भोकं तेव्हाच दिसतात. उभी कामटी सरळ आहे ना, आणि आडवी कमान दोन्ही बाजूंना सारखी वाकते ना, एवढं बघायचं. एक बाजू कडक आणि दुसरी मऊ असेल तर तो पतंग आयुष्यभर एकाच दिशेला गोते खाणार. खंभाती पतंग महाग पण सरळ उडतात. ज्यांना पेच लावायचेत, म्हणजे दोऱ्याने दुसऱ्याचा दोरा कापायचाय, त्यांनी तेच घ्यावेत, लहान मुलांना साधे द्यावेत. प्लास्टिकच्या पतंगांच्या वाटेला जाऊ नका. ते फडफडतात आणि फाटले की वर्षभर झाडावर लोंबतात.

दोऱ्याचं गणित वेगळं. तो वारावर मोजतात, एक वार म्हणजे एक यार्ड. फिरकी, म्हणजे दोरा गुंडाळायची चक्री, १००० वारांची, २५०० वारांची किंवा ५००० वारांची. जाडी तारांत सांगतात: ६ तार, ९ तार, १२ तार. ६ तार हलका, पतंग लांब नेतो, पण ओढाओढीत टिकत नाही. १२ तार जाड, बोटं कापतो आणि लहान पतंगाला ओझं होतो. पाहुण्याने ९ तारचा २५०० वार घ्यावा आणि गप्प बसावं.

काचेचा थर देण्याचं काम डिसेंबरपासून फुटपाथवर चालू असतं, आणि ते बघणं हा या शहरातला फुकटचा उत्तम खेळ आहे. दोन टोकांना बांबू पुरून त्यांच्यामध्ये पांढरा दोरा येरझाऱ्या घालून ताणतात. शिजवलेला भात किंवा मैद्याची खळ, काचेची पूड आणि रंग (बहुतेक ठिकाणी गुलाबी) यांचा गोळा हातात घेऊन कारागीर दोऱ्याच्या कडेने चालत जातो. परत येताना पुन्हा. त्याच्या बोटांना पट्ट्या गुंडाळलेल्या असतात. उत्तर प्रदेशातून, विशेषतः बरेलीकडून, असे कितीतरी कारागीर हंगामासाठी येतात. थर वाळला की चरख्यावरून दोरा फिरकीवर चढतो.

इथे चूक होते ती घाईची. १३ला समोर रंगवून घेतलेला दोरा नीट वाळत नाही. ओला दोरा फिरकीवर एकावर एक चिकटतो आणि सकाळी ढील द्यायच्या वेळी गचके खात सुटतो, नेमका पेचात. आठवडा-दोन आठवडे आधी रंगवलेली तयार फिरकी घ्या. हाताचं बोट हलकेच फिरवून बघा. पूड बोटाला लागली तर खळ कमी पडली आहे, तो दोरा दोन पेचांत नागडा होईल. आणि काचेचा थर जितका जाड तितका दोरा चांगला, हा समज खोटा आहे. जास्त काच म्हणजे कडक दोरा, आणि कडक दोरा गाठीपाशी तुटतो.

नायलॉनचा, ज्याला सगळे चायनीज म्हणतात तो मांजा, बंदी असूनही कुजबुजत विकला जातो. घेऊ नये. कायद्याची भीती आहेच, त्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे तो तुटत नाही, आणि न तुटणारा दोरा दुचाकीवाल्याच्या गळ्यावर येतो तेव्हा गळाच तुटतो. या दिवसांत अहमदाबादेत दुचाकींच्या हँडलवर लोखंडी कमान लावलेली दिसते ती याचसाठी. तुम्ही भाड्याची स्कूटर घेणार असाल तर तशी कमान असलेलीच घ्या, गळ्याला जाड मफलर गुंडाळा. खरं म्हणजे घेऊच नका. कोटाच्या आत पायी फिरावं.

सोबत घ्यायची आणखी तीन गोष्टी: औषधाच्या दुकानात मिळणारी कागदी चिकटपट्टी, गॉगल आणि टोपी. पट्टी तर्जनीच्या मधल्या सांध्यावर आणि करंगळीच्या आतल्या बाजूला लावायची. दोरा तिथूनच धावतो. गॉगल दुपारसाठी. जानेवारीत वारा सहसा उत्तर-ईशान्येकडून असतो, म्हणजे पतंग दक्षिण-नैर्ऋत्येला जातात आणि दुपारनंतर तुम्ही थेट सूर्याकडे तोंड करून उभे असता.

गच्ची कशी ठरवावी

ओळखीचं घर असेल तर उत्तम. नसेल तर खाडिया, रायपूर, ढाळनी पोळ, देसाईनी पोळ या भागांत घरमालक उत्तरायणासाठी गच्च्या भाड्याने देतात. परदेशातून आलेले गुजराती त्या डिसेंबरातच अडवून ठेवतात. भाडं हजारांत बोललं जातं आणि तारीख जवळ आली की चढतं. माणशी भावात नाश्ता, जेवण, पतंग, फिरकी सगळं धरलेलं असतं का, हे आधी स्पष्ट विचारा. जुन्या हवेल्यांची काही अतिथिगृहं झाली आहेत, तिथे खोली घेतली तर गच्ची आपोआप मिळते. कुटुंबाला हा मार्ग सर्वांत बिनत्रासाचा.

भाव ठरवण्याआधी विचारायच्या गोष्टी वेगळ्याच आहेत. कठडा किती उंच? कमरेच्या वर नसेल तर मुलांना नेऊ नका. शेजारी पत्र्याचं छप्पर आहे का? कटलेल्या पतंगामागे धावताना पाय पत्र्यावर पडतो आणि पत्रा धरत नाही. दरवर्षीचे बरेच अपघात असेच होतात. जिना कसा आहे? पोळीतल्या घरांचे जिने शिडीसारखे उभे, धरायला वरून लोंबणारा दोर. गुडघे दुखणाऱ्या आजी एकदा वर गेल्या की संध्याकाळीच खाली येणार, म्हणून स्वच्छतागृह कितव्या मजल्यावर आहे हे आधी कळलेलं बरं. आणि शेवटचं: त्या गच्चीवर एकूण किती माणसं घेणार? घरं लाकडी तुळयांची, शंभर-दीडशे वर्षांची. पन्नास माणसं नाचायला लागली की खालच्या मजल्यावर माती गळते. मालक ‘जितकी येतील तितकी’ म्हणाला तर दुसरी गच्ची बघा. अनोळखी लोकांना गच्चीवर घेण्याबाबत पोलिसांच्या सूचनाही निघतात, तेव्हा ओळखपत्र जवळ ठेवा.

सकाळ खाली

१४ला सातला खाली उतरायचं. थंडी असते, स्वेटर लागतो. पतंग उडवायची ही वेळ नव्हेच. पहाटे आणि संध्याकाळी पक्षी घरट्यातून निघतात आणि परततात, त्यांचे पंख याच वेळी कापले जातात. वनखातं आणि पक्षी वाचवणाऱ्या संस्था दरवर्षी या दोन वेळा सोडायला सांगतात. काही जण ऐकतात. जखमी पक्षी दिसला तर १९६२ वर फोन करायचा. तोवर त्याला भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवायचं, पाणी तोंडात ओतायचं नाही आणि पंखात गुंतलेला दोरा ओढायचा नाही, कात्रीने कापायचा.

महापालिकेची वारसा फेरी रोज सकाळी काळुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून निघून जामा मशिदीपाशी संपते. १९९७ पासून चालू आहे. सणाच्या दिवशी ती आहे की नाही, हे १३लाच विचारून घ्या. नसली तरी तोच मार्ग स्वतः चालता येतो, दोन-अडीच तास लागतात. मंदिर १८२२चं, लाकडी कोरीवकामाचं, संप्रदायाचं पहिलं मंदिर. तिथून लांबेश्वरनी पोळ, जिथे कवी दलपतराम राहत. चौकात त्यांचा पुतळा बसलेला आहे, अगदी ओट्यावर बसावं तसा. पुढे हाजा पटेलनी पोळीत काळा रामजीचं मंदिर. मग दोशीवाडानी पोळ, झवेरीवाड, अष्टापदजीचं देरासर, म्हणजे जैन मंदिर. देरासरात चामड्याचा पट्टा, पाकीट बाहेर ठेवावं लागतं आणि फोटो काढू देत नाहीत. हरकुंवर शेठाणींच्या हवेलीचे लाकडी टेकू रस्त्यावरूनच पाहायचे. शेवटी मुहूर्त पोळ, माणेकचौक, राणीनो हजीरो, बादशाहनो हजीरो (राण्यांच्या आणि अहमदशहाच्या कबरी) आणि जामा मशीद.

हा मार्ग इतर दिवशी दुचाकींच्या हॉर्नमध्ये चालावा लागतो. उत्तरायणाच्या सकाळी तो रिकामा मिळतो. दुकानांची शटर खाली असल्यामुळे नजर आपोआप पहिल्या मजल्याकडे, कोरीव टेकूंकडे आणि सज्ज्यांकडे जाते. ओट्यांवर गायींसाठी घुघरी म्हणजे उकडलेलं धान्य काढलेलं असतं. लोक दानधर्म उरकून वर जायच्या घाईत असतात. पोळीत शिरायला कुणी अडवत नाही, पण ही राहती घरं आहेत. एका दाराने शिरून दुसऱ्या पोळीत निघणाऱ्या चोरवाटा आहेत, त्या विचारल्याशिवाय वापरू नका.

जामा मशीद १४२४ची, २६० खांब आणि १५ घुमट. दर्शनी कमानीच्या दोन बाजूंना मिनारांची बुंधं तेवढी दिसतील. हे ‘झुलते’ मिनार १८१९च्या भूकंपात पडले. नमाजाच्या वेळा सोडून जावं आणि चपला हातात ठेवण्यापेक्षा बाहेर सांभाळायला द्याव्यात.

वर

साडेनऊपर्यंत गच्ची गाठा. पहिलं काम कन्नी, म्हणजे पतंगाला दोरा जोडायची दोरी, बांधण्याचं, आणि अहमदाबादी माणूस ते आदल्या रात्रीच करून ठेवतो. उभी-आडवी कामटी जिथे मिळते तिथे दोन भोकं, खाली शेपटाच्या वर दोन भोकं, दोन्हींतून दोरा ओवून वर गाठ. वरची आणि खालची दोरी सारखी ठेवली की पतंग चपळ होतो. खालची अर्धं-एक बोट लांब ठेवली की जोराच्या वाऱ्यात स्थिर राहतो. खालची आखूड झाली तर पतंग चढतच नाही, जागच्या जागी गरगरतो. नवशिक्या तेव्हा वाऱ्याला शिव्या देतो. पतंग सतत डावीकडे झुकत असेल तर उजव्या टोकाला कागदाची बारीक पट्टी बांधायची. कडक कमान डोक्यावर घासून वाकवतात. हे दिसायला नाटकी आहे, पण कामाचं आहे: बांबू हळूहळू आणि सारखा वाकतो, हाताने वाकवला तर एकाच जागी मोडतो.

पाहुण्याला सुरुवातीला फिरकी धरायचं काम मिळतं. हा अपमान नव्हे, पेच निम्मा तिथेच जिंकला जातो. दोन्ही दांड्या हलक्या मुठीत, फिरकी मोकळी फिरली पाहिजे. ढील चालू असताना अंगठा लावला तर दोरा ताणला जातो आणि समोरच्याची काच त्यातून सुरीसारखी जाते. ‘लपेट!’ ऐकू आलं की गुंडाळायचं. पायाशी पडलेला दोरा आधी आवरायचा. कुणाच्या तरी पायात गुंतून तो तुटणारच असतो.

पेचाच्या दोन रीती. ढील, म्हणजे दोरा सोडत राहायचा, आपला दोरा समोरच्याच्या दोऱ्यावरून सरकत कापतो. याला वारा भरपूर हवा आणि फिरकीत दोरा भरपूर हवा. दुसरी खेच: पतंग खालून घालून झटक्यात ओढायचा. जवळच्या गच्चीशी खेच, लांबच्या पतंगाशी ढील, एवढं धोरण पहिल्या दिवसाला पुरे. येवल्याच्या किंवा नागपूरच्या माणसाला हे सांगायची गरज नाही. येवल्यात आसारी (तिथली दोरा गुंडाळायची चक्री) फिरवणारे इथे आले तर फिरकी बघून नाक मुरडतील, आणि त्यांचं म्हणणं बरोबरही आहे. आसारीवर दोरा कितीतरी वेगाने गुंडाळला जातो.

पतंग विजेच्या तारेत अडकला तर दोरा तोडून मोकळं व्हा. काठीने, विशेषतः लोखंडी काठीने, काढायला जाऊ नका.

जेवण आणि दुपार

बारा-साडेबाराला वारा बऱ्याचदा पडतो. जेवण तेव्हाच. उंधियू, पुरी, जिलेबी. आपण १३ला भोगीची भाजी करतो ती आणि हा उंधियू एकाच हंगामातल्या भाज्यांवर जगतात: पापडी, छोटी वांगी, कंद, रताळी, कच्ची केळी, हिरवा लसूण. फरक तेलाचा आणि मेथीच्या मुठियांचा. घरोघरी तो आता क्वचित शिजतो, फरसाणवाल्याकडून किलोने आणतात. माणशी पाव किलो पुरतो, जिलेबी माणशी शंभर ग्रॅम. दहानंतर रांगा लांबतात. म्हणून सकाळच्या फेरीतच घेऊन टाका किंवा आदल्या दिवशी नोंदवा. तेलाचा थर वर आलेला असतो तो ओतून टाकला तरी चव जात नाही. हे अहमदाबादेत मोठ्याने बोलू नये. दिवसभर चरायला तीळ-शेंगदाण्याची चिक्की, कुरमुऱ्याचे लाडू, बोरं, ऊस आणि हिरवे हरभरे. मांसाहारी मंडळींसाठी तीन दरवाज्याजवळची भटियार गल्ली आहे.

दीड ते साडेतीन पुन्हा खाली. लाल दरवाज्याजवळची सिदी सय्यदची मशीद याच वेळी बघावी. तिच्या प्रसिद्ध दगडी जाळ्या पश्चिमेच्या भिंतीत आहेत, दुपारचं ऊन त्यांतून आत येतं. १५७२-७३ साली, गुजरातची सल्तनत अकबराच्या हाती जात असताना ती बांधली गेली. समोर लकी हॉटेल, कबरींच्या मध्ये टेबलं मांडलेलं. उघडं असेल तर मस्का बन आणि अर्धा चहा.

तिथून भद्र दोन मिनिटांवर. मराठी माणसाने इथे थोडं रेंगाळावं. १७५८ ते १८१७ या काळात शहर मराठ्यांकडे होतं, उत्पन्न पेशवे आणि गायकवाड वाटून घेत. आझमखानाच्या सराईच्या एका अंगाला भद्रकालीचं मंदिर आहे, ते त्या काळातलं म्हणतात. पुढे तीन दरवाजा. त्याच्यावर एक दगडी पाटी आहे, मराठ्यांचा सुभेदार चिमणाजी रघुनाथ याची, १८१२ची, देवनागरीत. मुलीला बापाच्या मालमत्तेतला वाटा विनाअडथळा द्यावा असा हुकूम. न देणाऱ्या हिंदूने महादेवाला आणि मुसलमानाने अल्लाला जाब द्यावा. सण नसलेल्या दिवशी फेरीवाल्यांच्या गर्दीत ती दिसणं कठीण. उत्तरायणाच्या दुपारी निवांत वाचता येते, अक्षरं झिजलेली आहेत तरी. रायखडची गायकवाड हवेली बघायला मात्र पायपीट करू नका. तिथे पोलिसांची कचेरी आहे, फोटो काढता येत नाहीत. लोकसभेचे पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळंकर या शहराच्या नगरपालिकेचेही अध्यक्ष होते. कोटातलं मराठीपण पेशव्यांबरोबर संपलं नाही, एवढं त्यावरून ध्यानात यावं.

नदीकाठचा आंतरराष्ट्रीय पतंग महोत्सव १९८९ पासून भरतो. भलेमोठे व्हेल-ड्रॅगन बघायला मुलांना आवडतात. तो १४च्या आधीच्या दिवसांत उरकावा, १४ची दुपार त्यात घालवू नये.

संध्याकाळ आणि वासी उत्तरायण

चारला परत वर. साडेचार ते सहा हा सगळ्यात दाट वेळ, आकाशात जागा उरत नाही. पण पक्षी परतायची वेळही हीच, म्हणून साडेपाचला पतंग उतरवलेले बरे. अंधार पडताना पूर्वी तुक्कल चढत. मोठा पांढरा पतंग उंच स्थिर करायचा, काच नसलेला जाड दोरा, आणि त्या दोऱ्याला अंतराअंतरावर कागदी कंदील, आत मेणबत्ती. आता हे करणारे हात थोडे राहिलेत, कारण एकसारखा वारा, जड दोरा आणि दोघा-तिघांचा संयम लागतो. त्याऐवजी आकाशात सोडून द्यायचे उडते कंदील आले. त्यांवर बंदी आहे आणि ती योग्यच आहे, जळता कागद लाकडी पोळीवर पडला तर काय होईल हे सांगायला नको. हल्ली सातनंतर फटाकेच जास्त. कानाला त्रास होणाऱ्यांनी आणि तान्ह्या बाळांनी तोवर खाली यावं.

रमतगमत बघायचं असेल, पेचांची हौस नसेल, तर माझं मत १५ला. गच्च्या थोड्या स्वस्त, आवाज कमी, उरलेले पतंग बाजारात निम्म्या भावात, आणि गच्चीवरच्या लोकांना पाहुण्याशी बोलायला फुरसत. दुकानं मात्र १५लाही बंदच धरा, काही तर १६लाही. रोख पैसे आणि औषधं १३लाच घेऊन ठेवा. निघण्याआधी गच्चीवरचा तुटका दोरा गोळा करून मुठीएवढे गुंडाळे करा आणि कात्रीने तुकडे करून कचऱ्यात टाका. आख्खा लोंबता टाकलात तर पुढचे कित्येक आठवडे त्यात पारवे अडकत राहतात. परतीची गाडी १५च्या रात्रीची काढायची असेल तर दोन महिने आधी काढा, ती गाडी सगळ्यांनाच हवी असते. १६ सकाळची सहसा मिळून जाते.